गाळातल्या लाल अळ्या आणि रासायनिक प्रदूषण

कायरोनोमस या न चावणाऱ्या चिलटाची अळी पाण्याच्या तळाशी, गाळात नळी करून राहते. मत्स्यपालनाची हौस असलेल्यांना ती ‘ब्लडवर्म’ म्हणून माहीत असते. हिमोग्लोबिनमुळे ती लाल दिसते आणि ऑक्सिजन कमी असलेल्या घाण पाण्यातही तग धरते. म्हणूनच ती जगली एवढ्यावरून पाणी ठीक आहे असे मानणे चुकीचे.

अळी चार अवस्थांतून वाढते आणि दर वेळी कात टाकते. शिसे, कॅडमियम, तांबे यांसारखे धातू गाळात साचतात आणि अन्नाबरोबर तिच्या पोटात जातात. मग वाढ रेंगाळते, प्रौढ कीटक उशिरा बाहेर पडतो. तोंडाच्या खालच्या दातेरी पट्टीत तर बिघाड सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो: एखादा दात गायब, दोन जुळलेले, कुठे एक जास्तीचा. मात्र असे व्यंग नेमके कोणत्या रसायनामुळे आले, हे त्यावरून सहसा सांगता येत नाही.

काही कीटकनाशके थेट वाढीवरच घाव घालतात. डायफ्लुबेन्झुरॉन अळीच्या बाह्य कवचातले कायटिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे कात टाकतानाच अळी मरते. मेथोप्रीन कीटकाच्या संप्रेरकाची नक्कल करते. कोष होतो, पण त्यातून प्रौढ कीटक बहुधा बाहेर येतच नाही. दोन्ही डासांच्या अळ्यांसाठी वापरली जातात, पण त्याच पाण्यातले इतर कीटकही त्यांच्या तडाख्यात सापडतात.