पावडर कोटिंग टिकतें कशानें?

घोड नदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड हीं पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांचीं गांवें. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असल्यामुळें येथें पाऊस थोडा, ऊन कडक आणि विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड. शिरूर तालुक्यांत रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत शीतकपाटें, धुलाईयंत्रें व मोटारी तयार होतात. दौंड तालुक्यांत कुरकुंभास रासायनिक कारखाने आहेत. जेथें असे कारखाने, तेथें धातूच्या भागांवर लेप चढविण्याचा धंदा आलाच; आणि कारखान्यांतील ही कला आतां घरच्या फाटकापर्यंत, खिडकीच्या जाळीपर्यंत व बागेंतील बांकापर्यंत पोंचली आहे. परंतु चांगले पैसे मोजून बसविलेल्या फाटकाला दुसरा पावसाळा लागतो न लागतो तोंच सांध्याशीं फोड येतात, नखानें खरवडतांच रंगाची साल निघते आणि गृहस्थ म्हणतो, रंगच हलका होता. बहुतेक वेळां रंगाचा त्यांत अपराध नसतो. रंगाखालीं जें काम व्हावयाचें तें झालेलें नसतें.

या रंगांत पातळ करणारें द्रव्य मुळींच नसतें. राळ, रंगद्रव्य आणि राळेस घट्ट करणारें द्रव्य यांची ती कोरडी भुकटी होय. जर्मनींत एर्विन गेमर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत तापविलेली वस्तु भुकटीच्या तरंगत्या थरांत बुडविण्याची रीत काढली. १९६० नंतरच्या दशकांत विद्युद्भारित भुकटी फवारण्याची रीत रूढ झाली. फवाऱ्याच्या गनमध्यें साठ ते शंभर हजार व्होल्टचा दाब असतो. भारलेले कण जमिनीशीं जोडलेल्या जॉबकडे ओढले जाऊन त्याला चिकटून राहतात. नंतर जॉब भट्टींत गेला कीं भुकटी वितळते, पसरते आणि तिच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते.

आतां टिकाऊपणाचें मूळ पाहूं. पत्र्यावर तेल असतें, गंज असतो, वेल्डिंगची पापडी असते. तीं काढण्यासाठीं चांगल्या कार्यशाळेंत ‘सात टाक्यांची’ रीत पाळतात: तेल काढणें, धुणें, आम्लानें गंज उतरविणें, पुन्हा धुणें, फॉस्फेटचा सूक्ष्म स्फटिकमय थर चढविणें, पुन्हा धुणें आणि शेवटीं त्या थरास पक्कें करून वाळविणें. टाक्यांचा क्रम व त्यांतील द्रव्यें कामाप्रमाणें थोडीं बदलतात. या फॉस्फेटच्या थरावर लेपाची पकड बसते, आणि ओरखडा पडला तरी गंज त्याच्या खालून लवकर पसरत नाहीं. खर्च वांचवावयाचा म्हणजे हीच पायरी गाळली जाते, कारण गिऱ्हाइकाला ती दिसत नाहीं! पॉलिश पेपर फिरवून लगेच फवारलेला जॉब पहिल्या दिवशीं तितकाच झळकतो.

शिरूर-दौंडाकडे जड पाण्याची विशेष काळजी घ्यावी लागते. धुण्याचें पाणी जड असलें तर तें वाळतांना क्षार मागें राहतात व लेपाखालीं कोंडले जातात. लेप कितीहि अखंड दिसला तरी पाण्याची वाफ त्यांतून अल्प प्रमाणांत आंत शिरतेच. क्षार तिला धरून ठेवतात, तेथें पाणी सांचतें आणि फोड उठतो. म्हणून शेवटची धुणी क्षार काढलेल्या पाण्याची असावी, आणि नंतर जॉबला उघडा हात लागूं नये. घामांतहि मीठ असतेंच.

फवाऱ्याच्या वेळीं एक बारीक गोष्ट घडते. जॉब ज्या आंकड्यावर टांगतात त्यावर मागच्या खेपांचे लेप साठून विजेची वाट अडते. मग कण नीट बसत नाहींत. आंतल्या कोंपऱ्यांत तर विद्युत्क्षेत्र पोंचतच नाहीं. तेथें गन हळू आणि कमी दाबानें चालवावी लागते. उलट तीक्ष्ण कडेवरून वितळलेला लेप मागें सरतो, म्हणून कडा आधींच घासून गोल कराव्या. जाडी साधारण साठ ते ऐंशीं मायक्रॉन, म्हणजे सुमारें माणसाच्या केंसाएवढी, पुरते. अति जाड लेप नारिंगाच्या सालीसारखा दिसतो व ठोकर लागतांच उडतो.

भट्टींतील गफलत सर्वांत फसवी. पुष्कळ भुकट्यांना १८० ते २०० अंश सेल्सियसवर दहा ते वीस मिनिटें लागतात, पण तें तापमान धातूचें, भट्टींतील हवेचें नव्हे. पातळ पत्रा लवकर तापतो, जाड बिजागरी उशिरां. दोन्ही एकाच वेळीं बाहेर काढलीं तर बिजागरीवरील लेप अर्धाच पिकलेला, म्हणून ठिसूळ राहतो.

भुकटीची जात हा गिऱ्हाइकानें विचारावा असा प्रश्न आहे. इपॉक्सीची भुकटी गंज व रसायनें यांस उत्तम तोंड देते, पण उन्हांत तिची खडूसारखी पूड होते. फाटकावर हात फिरवून बोटाला रंग लागला कीं ओळखावें. इपॉक्सी-पॉलिएस्टरचें मिश्रण घरांतील कपाटांपुरतें ठीक. उघड्यावर शुद्ध पॉलिएस्टरच हवें, आणि कोंकणाच्या खाऱ्या वाऱ्यांत त्याखालीं जस्तयुक्त इपॉक्सीचा अस्तर-लेपहि असावा.

परीक्षा त्याच खेपेंत रंगविलेल्या नमुन्याच्या पट्टीवर करावी. धारदार पात्यानें दोन मिलिमीटर अंतरानें उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा मारून त्यावर चिकटपट्टी दाबावी व झटकन ओढावी. चौकोन निघाले तर पकड नाहीं. थिनरचा बोळा घासून रंग भरपूर उतरला व पृष्ठ चिकट झालें तर भट्टी कमी पडली असें समजावें. मोठे कारखाने कोठडींत खाऱ्या पाण्याची फवारणी शेंकडों तास चालवून पाहतात.

घरीं करावयाचें थोडेंच आहे. भोंकें व वेल्डिंग लेपापूर्वींच उरकावीं. मिस्त्री जागेवर बिजागरी जोडतो तेथें लेप जळतो आणि गंजाला दार उघडें होतें. पोकळ नळीच्या तळाशीं पाणी निघण्यास भोंक ठेवावें, नाहींतर ती आंतून गंजते. बागेच्या पाण्याचा फवारा फाटकावर पडूं देऊं नये. सौम्य साबणाचें पाणी व मऊ फडकें पुरे; संडास धुण्याचें आम्ल, थिनर व तारेची घासणी वर्ज्य. ओरखडा दिसतांच तेथील गंज चकचकीत धातु लागेपर्यंत घासून जस्ताचा प्रायमर आणि जुळता साधा रंग लावावा. सर्वत्र साल निघूं लागली असेल तर वर नवी भुकटी फवारून भागत नाहीं. जुना लेप समूळ उतरवून जॉब पुन्हा पहिल्या टाकीपासून न्यावा लागतो.