शिंप्याची कात्री आणि ‘इन व्हॉट वे?’

मराठीत ‘म्हणजे?’ एवढ्यावर भागतं. शेजारीण म्हणाली, ‘सून आता पूर्वीसारखी राहिली नाही हो,’ की आपण फक्त ‘म्हणजे?’ म्हणायचं. पुढचा अर्धा तास बोलायचं काम तिचं.

इंग्रजीत मात्र इथे पंचाईत होते. ‘व्हॉट डू यू मीन?’ हे शब्दाला शब्द बरोबर आहे, पण सूर जरा चढला की समोरच्याला ‘तुम्हाला म्हणायचंय तरी काय?’ असं ऐकू जातं. ‘म्हणजे?’च्या या एका कामासाठी इंग्रजीत वेगवेगळी हत्यारं आहेत. साहेब म्हणाले, ‘क्लायंटच्या काही तक्रारी आहेत.’ यावर ‘सच ॲज?’ विचारलं तर एकदोन तक्रारी हाती लागतात. ‘क्लायंट बदललाय’ म्हणाले तर ‘हाउ सो?’ विचारायचं, म्हणजे ते कशावरून, हे कळतं. ‘कुड यू वॉक मी थ्रू इट?’ म्हटलं की माणूस पहिल्यापासून क्रमाने सांगू लागतो. ‘कॅन यू बी मोअर स्पेसिफिक?’ मात्र साहेबांना विचारताना जपून. त्यात ‘तुम्ही मोघम बोलताय’ असा चिमटा आहे. त्यापेक्षा ‘कुड यू टेल मी अ बिट मोअर?’ बरं. आणि ‘कुड यू इलॅबोरेट?’च्या पोटात लॅटिनमधला ‘लाबोर’, म्हणजे कष्ट, बसलेला आहे. थोडक्यात, ‘आणखी जरा मेहनत घ्या’!

खरी गंमत ‘डिटेल’मध्ये आहे. हा शब्द फ्रेंचमधल्या ‘कापणे’ या क्रियापदातून आला. ‘टेलर’ त्याचाच भाऊ. आता आपला ‘तपशील’ घ्या. तो आला अरबी ‘तफ़सील’वरून, आणि त्याच्या मूळ धातूचा अर्थ वेगळं करणे, तुकडे पाडणे. अरबीत त्याच क्रियापदाने कपडा बेतणंही सांगतात! दोन परक्या भाषा, आणि दोघींच्या हातात शिंप्याची कात्री. आपण मराठीत ‘फोड करून सांग’ म्हणतो, तेही कापणंच की.

पण ‘म्हणजे?’ विचारणाऱ्या या इंग्रजी वाक्यांची ताकद बघायची तर १९६६ सालात जायला हवं. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाम यांनी त्या वर्षी ‘एलायझा’ नावाचा संगणक प्रोग्रॅम जगापुढे मांडला. नाव घेतलं होतं शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या फुलवालीचं, आपल्याकडे पु. लं.नी जिला ‘ती फुलराणी’त मंजुळा केलं, तीच. एलायझाला कशातलं काही कळत नव्हतं. टाइप केलेल्या वाक्यातला एखादा शब्द ती हेरायची, ‘माझा’चं ‘तुमचा’ करायची आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात प्रश्न परतवायची. शब्द सापडलाच नाही, तर ‘प्लीज गो ऑन’. कुणी म्हणालं, पुरुष सगळे सारखेच, तर तिचा प्रश्न: ‘इन व्हॉट वे?’

वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने त्यांना महिनोन्‌महिने हा प्रोग्रॅम लिहिताना पाहिलं होतं. आत कुणी बसलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती एलायझाशी बोलायला बसली, दोनचार प्रश्नोत्तरं झाली, आणि मान वळवून ती वायझेनबामनाच म्हणाली, ‘जरा बाहेर जाता का?’