पाय चालतात, हिशेब हाताचा

मनगटावरच्या घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याला कळते ते एवढेच की हात हलला. किती जोरात, कोणत्या दिशेला आणि कोणत्या ठेक्यात हलला, यावरून ते पावलांचा अंदाज बांधते आणि रात्री पडद्यावर 8,462 असा थेट एककापर्यंतचा आकडा झळकवते. पाहणाऱ्याला वाटते, एकेक पाऊल कुणीतरी मोजून ठेवले आहे.

घड्याळाच्या पोटात ॲक्सिलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. हात हलला की तो किंचित सरकतो, शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारिता बदलते आणि हा बदल सेकंदाला अनेकदा, तिन्ही दिशांनी नोंदला जातो. साधारण वेगाने चालताना मिनिटाला 100 ते 120 पावले पडतात. टाच टेकल्याचा धक्का घोटा, गुडघा, कंबर, खांदा असा प्रवास करत मनगटापर्यंत येतो आणि वाटेतच पुष्कळसा विरतो. हाताच्या झोक्याची गत आणखी वेगळी. हात पुढे जाऊन मागे येईपर्यंत पावले दोन पडलेली असतात.

या सगळ्या गलबल्यातून सॉफ्टवेअरला लयीत येणारे चढउतार शोधायचे असतात. हिसका पुरेसा मोठा हवा, लय नियमित हवी आणि ती काही पावले सलग टिकायला हवी. नाहीतर तो नुसताच हातवारा समजून सोडून दिला जातो. त्यामुळे ओट्यापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून दारापर्यंतच्या चार-चार पावलांच्या खेपा बऱ्याचदा हिशेबात येतच नाहीत. दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला संध्याकाळी तिचेच घड्याळ आळशी ठरवते, ते असे.

हात स्थिर राहिला की हीच पंचाईत. मॉलमधली ट्रॉली ढकलताना, बाबागाडी नेताना, ट्रेडमिलचा दांडा घट्ट धरून चालताना किंवा दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या असताना पावले गळतात. उलट कणीक मळताना, भांडी घासताना किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीचे हँडल धरून बसले असताना ती फुकटात जमा होऊ शकतात. घड्याळ उजव्या हातात आहे की डाव्या, हे ॲप विचारते तेही याचसाठी. कामाचा हात जास्त हलतो, म्हणून फिटबिटमध्ये तो पर्याय निवडला की मोजणी थोडी कडक होते.

वारीत तर दोन्ही प्रकार एकाच दिंडीत भेटावेत. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउलीचा हात वर धरलेला, जवळजवळ निश्चल. तिच्या मनगटावर पट्टा असेल तर तो तिची कितीतरी वाटचाल गिळून टाकण्याची शक्यता दाट. शेजारी टाळ वाजवत चालणाऱ्याचा हात मात्र भजनाच्या ठेक्यावर. पायांचा ठेका वेगळा असला, तर यंत्राने कोणता धरावा? दोघे एकाच मुक्कामाला पोचतील. आकडे मात्र जुळतीलच असे नाही.

प्रयोगशाळेत काय घडते? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 14 निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर ताशी सुमारे 4.8 किलोमीटर वेगाने चालवले आणि 500 व 1,500 पावले प्रत्यक्ष मोजली. 2015 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. खिशातल्या फोनवरची ॲप्स साधारण सहा-सात टक्क्यांच्या आत इकडेतिकडे होती. अंगावर घालायच्या साधनांमध्ये सर्वांत मागे पडलेला मनगटी पट्टा प्रत्यक्षापेक्षा 22.7 टक्के कमी दाखवत होता. म्हणजे 1,500 पावलांमागे जवळपास 340 गायब. कमरेला लावायची साधने सरस ठरली. ती साधने आता जुनी झाली आणि सॉफ्टवेअरही सुधारले; पण तिथे चालणारी माणसे धडधाकट होती, ट्रेडमिलचा पट्टा सपाट होता आणि वेग एकसारखा होता, हे विसरून चालणार नाही.

खरी अडचण हळू चालणाऱ्यांची आहे. पाय घासत, अडखळत चालणाऱ्या वृद्धांच्या किंवा काठी अन् वॉकर घेतलेल्यांच्या चालीत हिसका इतका सौम्य असतो की यंत्र त्याला चालणेच मानत नाही. ज्यांना प्रत्येक पाऊल कष्टाने टाकावे लागते, त्यांचीच पावले सर्वांत जास्त बुडतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरात फेऱ्या मारणाऱ्या आजोबांना नातवाने हौसेने घड्याळ आणून द्यावे आणि त्याने शून्याच्या आसपास घुटमळत राहावे, याने उमेद वाढायची कशी? चाकाच्या खुर्चीवरच्यांसाठी मात्र ॲपलने 2016 मध्ये चांगला मार्ग काढला. त्यांचे घड्याळ पावलांऐवजी चाकाला दिलेले रेटे मोजू शकते. तिथे कष्ट हाताचेच असल्याने मनगटाची जागा अचूक ठरते.

आता ज्या आकड्यासाठी हा सगळा आटापिटा, त्याचे मूळ पाहा. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये जपानच्या यामासा कंपनीने कमरेला अडकवायचे पाऊलमापक बाजारात आणले. त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. तो आकडा वैद्यकीय चाचण्यांतून आलेला नव्हता. तो बाजारातला होता आणि जगभर मुरला. 2019 मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी 72 वर्षांच्या 16,741 अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 41 टक्के कमी आढळले आणि 7,500 च्या आसपास हा फायदा सपाट झाला. या अभ्यासातले यंत्र कमरेला बांधलेले होते. तिथला आकडा उचलून मनगटाशी ताडणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे.

पावलांवरून काढलेले अंतर आणि कॅलरी हा तर अंदाजावरचा अंदाज. जीपीएस बंद असले की अनेक साधने उंचीवरून पावलाची लांबी ठरवतात आणि पावलांच्या संख्येने गुणतात; मूळ मोजणी चुकली की पुढचे सगळे चुकते. कॅलरीबाबत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये सात मनगटी साधने 60 जणांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक सांगितले, पण कॅलरीत सर्वांत चांगले साधनसुद्धा 27 टक्क्यांनी चुकत होते आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. त्या भरवशावर जिलेबीची एक जास्तीची प्लेट मागवू नये हे बरे.

चूक स्वतःपुरती असेल तोवर ठीक. काही आरोग्य विमा योजनांत रोजच्या पावलांवर सवलती मिळतात, कार्यालयांत पावलांच्या स्पर्धा लागतात. चीनमध्ये फोन झुलवत ठेवून पावले वाढवणारी छोटी यंत्रे ऑनलाइन विकली जातात. पाळण्यात घालावे तसा फोन तिथे झुलतो आणि मालक सोफ्यावर बसून ‘चालतो’. लबाडाला असा रस्ता सापडतो. हळू चालणारा प्रामाणिक माणूस मात्र सवलतीला मुकतो.

आपले घड्याळ किती चुकते हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. आकडा टिपून ठेवा, तोंडाने मोजत 100 पावले नेहमीसारखी चाला, पुन्हा आकडा पाहा. मग तीच 100 पावले खिशात हात घालून आणि एकदा हातात पिशवी घेऊन चाला. घड्याळ एकाच हातात ठेवले तर या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना कामाची आहे. शेजाऱ्याच्या आकड्याशी नाही. ग्राहकांनी एक मागणी मात्र लावून धरायला हवी. घड्याळ किती मीटर पाण्याचा दाब सोसते हे कंपन्या ठळकपणे छापतात. संथ चालीत आणि हात स्थिर असताना पावलांची मोजणी किती टक्के चुकते, हेही त्यांनी त्याच खोक्यावर छापावे.