उडालेलं पाणी, उरलेलं मीठ

धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅली यांनी १६८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. समुद्राइतकं खारं केलेलं पाणी पसरट भांड्यात घेऊन त्यांनी ते उन्हाळी हवेइतकं कोमट ठेवलं आणि तराजूवर त्याचं वजन किती घटतं ते पाहिलं. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की भूमध्य समुद्रातून उन्हाळ्याच्या एका दिवसात ५२८ कोटी टन पाणी वाफ होऊन जातं. पुढे १७१५ साली त्यांनी या विचाराची दुसरी बाजू मांडली. ज्या सरोवरांतून पाणी बाहेर वाहत नाही ती खारट होत जातात, कारण वाहत्या पाण्याबरोबर क्षार आत येतात आणि वर उडतं ते निव्वळ पाणी.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर हे त्याचं आपल्या जवळचं उदाहरण. त्यातून पाणी बाहेर वाहून जात नाही. जून २०२० मध्ये सरोवराची पातळी घटून क्षारता वाढली आणि पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा हा रंग मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचं आढळलं.

हॉलमध्ये ठेवलेला खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँकही याच नियमाने चालतो. तो लहान असल्यामुळे फरक लवकर पडतो, एवढंच.

हिशेब मिठाचा

टँकमध्ये २०० लिटर पाणी आहे आणि लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे एकूण ७ किलो, असं धरू. रोज ४ लिटर पाणी उडालं आणि पाच दिवस कोणी पाहिलं नाही, तर १८० लिटर पाणी उरेल आणि मीठ तेच ७ किलो. क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाईल. आटलेली आमटी खारट लागते तसंच हे आहे. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं पाणी ओतत राहिलं तर पातळी सावरेल, क्षारता मात्र चढतच जाईल.

जिवांना हा चढउतार सारखा झेपत नाही. सागरी माशाच्या रक्तातली क्षारता समुद्राच्या साधारण एकतृतीयांश असते. त्यामुळे त्याच्या शरीरातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींवाटे बाहेर टाकतो. क्षारता वाढली की या कामाचा भार वाढतो, पण काही मर्यादेपर्यंत तो निभावतो. तारामासा, समुद्री साळू यांच्याकडे अशी यंत्रणा नसते. त्यांच्या अंगातल्या द्रवाची क्षारता भोवतालच्या पाण्याइतकीच असते, त्यामुळे बाहेरचा प्रत्येक झटका थेट आत पोहोचतो. दर रविवारी वीस-पंचवीस लिटर पाणी एकदम ओतणं त्यांना मानवत नाही, ते यामुळेच.

घड्याळाने की पातळीने?

मग टायमर लावून रोज ठरावीक पाणी सोडलं तर? ते पुरत नाही, कारण बाष्पीभवन ठरावीक नसतं. नागपूरच्या मे महिन्यातली कोरडी हवा पाणी झपाट्याने ओढते. मुंबईच्या जुलैमध्ये हवाच बाष्पाने इतकी भरलेली असते, की चिलर लावून २६ अंशांवर ठेवलेल्या टँकमधून पाणी जेमतेम उडतं. पाणी थंड राखायला पंखा लावला तर हिशेब पुन्हा बदलतो, कारण पंख्याचा गारवा बाष्पीभवनातूनच येतो. ४ लिटर पाणी उडताना सुमारे २.७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. म्हणून यंत्राने घड्याळ पाहायचं नाही, पातळी पाहायची.

ही कल्पना जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओस यांच्या जलघड्याळात तरंगता नियंत्रक होता, असं तंत्रेतिहासात मानलं जातं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक त्याच कुळातला. मत्स्यटँकसाठी बहुधा फ्लोट स्विच वापरतात. त्याच्या तरंगत्या भागात चुंबक असतं आणि दांड्यात काचेत बंद केलेल्या धातूच्या दोन पट्ट्या. हा रीड स्विच १९३६ सालचा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचा. चुंबक खाली आलं की मंडल जुळतं आणि शेजारच्या साठवण टाकीतला छोटा पंप सुरू होतो. दुसरा प्रकार प्रकाशीय सेन्सरचा. त्याच्या पारदर्शक टोकातून सोडलेला अवरक्त प्रकाश टोक हवेत असलं तर परावर्तित होऊन परततो, पाण्यात असलं तर बाहेर निसटतो.

सेन्सर बसवायची जागा महत्त्वाची. खाली संप, म्हणजे टँकमधलं पाणी फिरून जाणारी जोडटाकी, असलेल्या रचनेत वरच्या टँकची पातळी ओव्हरफ्लोमुळे स्थिर राहते आणि सगळी घट संपच्या शेवटच्या कप्प्यात दिसते. हा कप्पा ३० बाय २० सेंटिमीटरचा असेल, तर एक मिलिमीटर घट म्हणजे फक्त ६० मिलिलिटर पाणी. इतकीशी भर दिवसभर पडत राहिली, की क्षारतेची रेषा जवळजवळ सपाट राहते.

भरीचं पाणीही शुद्ध हवं. नळाच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ असतील, तर रोजच्या ४ लिटरबरोबर वर्षाला सुमारे २९० ग्रॅम पदार्थ टँकमध्ये साचतात. म्हणून आरओ करून आयनही काढलेलं पाणी वापरतात. परदेशात प्रवाळ पाळणारे याच वाटेने चुन्याची निवळी देतात. पीटर विल्केन्स यांच्या १९७३ च्या जर्मन पुस्तकाने ही पद्धत रुजवली. निवळीतून प्रवाळांना सांगाड्यासाठी कॅल्शियम मिळतं. पण तिचा सामू १२ च्या वर असल्याने पंप अडकून एकदम ओतली गेली तर टँकमधल्या जिवांवर बेततं. भारतात खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरात ठेवायची नाहीत.

बिघाडाला कुंपण

फ्लोटवर मिठाचे थर चढतात, गोगलगाय चढून बसते, पट्ट्या चिकटतात. बिघाड कधीतरी होणारच असं धरूनच रचना करावी. साठवण टाकी मर्यादित ठेवणं ही सर्वांत स्वस्त सुरक्षा. २०० लिटरच्या टँकशेजारी २० लिटरची टाकी असेल, तर ती पूर्ण रिकामी झाली तरी क्षारता ३२ च्या आसपास थांबते. मात्र तेवढं पाणी मावायला संपमध्ये जागा हवी. नळाची लाइन थेट जोडली असेल, तर अडकलेला व्हॉल्व्ह टँक गोडा करून घरही बुडवतो. याशिवाय वरच्या पातळीवर दुसरा स्विच हवा आणि पंप किती वेळ चालेल याला मर्यादा हवी. नळीचं तोंड साठवण टाकीतल्या पाण्याहून उंच असावं. नाहीतर पंप थांबल्यावरही सायफनने धार चालूच राहते.

हे सगळं करूनही एक गोष्ट यंत्राला कळत नाही, ती म्हणजे पाणी का घटलं. सांध्यातून खारं पाणी झिरपत असेल किंवा मळ बाहेर काढणाऱ्या स्किमरमधून फेसाबरोबर जात असेल, तरी सेन्सरला दिसते ती केवळ उतरलेली पातळी. तो गोडं पाणी भरत राहतो आणि वरून सगळं ठीक दिसत असताना मीठ हळूहळू कमी होत जातं. म्हणून आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता पाहावी आणि साठवण टाकी किती दिवसांत रिकामी होते तेही लिहून ठेवावं. टाकी नेहमीपेक्षा लवकर संपली आणि क्षारता उतरली असेल तर गळती शोधावी; क्षारता तीच असेल तर हवा कोरडी झाली आहे. टाकीतलं पाणी हललंच नाही आणि क्षारता चढली असेल तर स्विच अडकला आहे. यंत्र पातळी राखतं. मिठाचा हिशेब पाळणाऱ्यानेच ठेवायचा असतो, कारण टँकमधला प्रत्येक जीव त्या मिठावर जगतो.