विश्लेषण : घड्याळातील ‘झोन २’ खरा किती? हृदयगती पाहून व्यायाम करताना काय लक्षात ठेवावे?

पावसाळा ओसरला, की राज्यातील रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढते. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे, त्याआधी आपल्याच शहरातील छोट्या शर्यतींत पाय मोकळे करणारे आणि डॉक्टरांनी ‘चालायला लागा’ सांगितले म्हणून बाहेर पडलेले, अशा अनेकांच्या मनगटावर आता हृदयाचे ठोके दाखवणारे घड्याळ असते. स्वस्त असो वा महागडे, ते दर काही सेकंदांनी आकडा बदलते, रंग दाखवते आणि ‘हळू’ किंवा ‘जोरात’ असा आदेश देते. हा आदेश दोन आकड्यांवर ठरतो. एक, आत्ता मिनिटाला पडणारे ठोके आणि दुसरा, त्या व्यक्तीची कमाल हृदयगती. पहिला आकडा घड्याळ मोजते, पण कधी कधी चुकते. दुसरा ते सुरुवातीला मोजतच नाही, वयावरून धरून चालते. पंचेचाळिशीत प्रथमच अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला हा फरक ठाऊक असणे गरजेचे आहे.

मनगटावर ठोके मोजले कसे जातात?

घड्याळ उलटे करून पाहिल्यास मागच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. या तंत्राला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेव्हा प्रकाश जास्त शोषला जातो. लाट ओसरली की थोडा जास्त प्रकाश परत येतो. दिव्यांशेजारचा प्रकाशसंवेदक हा चढउतार टिपतो आणि घड्याळातील प्रोसेसर त्यावरून ठोके काढतो.

ऐकायला सोपे वाटते, पण परत येणाऱ्या एकूण प्रकाशात ठोक्यामुळे बदलणारा भाग अगदी थोडा असतो. बाकीचा त्वचा, स्नायू, हाडे यांवरून येणारा जवळपास स्थिर प्रकाश. त्यात धावताना हात हलतो, घड्याळ किंचित सरकते, फटीतून बाहेरचा उजेड शिरतो. हा गोंधळ गाळण्यासाठी घड्याळ हालचाल मोजणाऱ्या संवेदकाची, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटरची मदत घेते आणि हालचालीशी जुळणारी कंपने वजा करते. म्हणजे पडद्यावर दिसणारा आकडा हे थेट मोजमाप नव्हे, तर मागच्या काही सेकंदांच्या नोंदींवरून काढलेले गणित असते.

हे गणित कुठे चुकते?

सर्वात फसवी चूक धावणाऱ्यांच्या वाट्याला येते. धावताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावले पडतात. जोरात धावणाऱ्याचे ठोकेही त्याच पट्ट्यात असू शकतात. अशा वेळी घड्याळ ठोके सोडून पावलांचाच ताल पकडते. सावकाश धावणाऱ्याचे खरे ठोके १३५ असताना पडद्यावर १७० दिसतात आणि तो घाबरून थांबतो. उलटही घडते. त्यामुळे धावायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच आकडा एकदम १७० वर जाऊन तिथे चिकटून बसला आणि श्वास मात्र संथ असेल, तर पावलांचा हिशेब करून पाहावा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.

दुसरे कारण थंडी. डिसेंबरमध्ये नाशिक किंवा पुण्यात पहाटे बाहेर पडल्यावर हातांच्या रक्तवाहिन्या आकसतात, मनगटाकडे रक्त कमी येते आणि संकेत क्षीण होतो. अंग तापल्यावर आकडा सुधारतो. सैल पट्टा, मनगटावरचे गोंदण, दाट केस यांमुळेही अडथळा येतो. त्वचेतील मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे गडद त्वचेवर संवेदकाला अधिक कष्ट पडतात. डंबेल किंवा बार घट्ट धरल्यावर मनगटाचे स्नायू ताणले जातात, म्हणून जिममध्ये वजने उचलताना मनगटावरचा आकडा फारसा भरवशाचा नसतो. यावर उपाय घरगुतीच आहे. व्यायामाच्या वेळी घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, कोपराच्या दिशेने, हलणार नाही इतके घट्ट बांधावे आणि नंतर सैल करावे.

आणखी एक अडचण उशिराची. तीस सेकंद जोरात, तीस सेकंद सावकाश अशा व्यायामात हृदय आधीच थोडे मागून येते आणि घड्याळ त्याच्याही मागून. जोराचा टप्पा संपल्यावर पडद्यावर सर्वात मोठा आकडा दिसतो तो यामुळेच.

छातीचा पट्टा वेगळा का?

पट्टा प्रकाश वापरत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी निर्माण होणारा विद्युत संकेत तो छातीवरच्या दोन इलेक्ट्रोडने पकडतो. ईसीजीचे तत्त्व तेच. त्यामुळे पावलांचा ताल, थंडी, त्वचेचा रंग यांचा त्याला फारसा फरक पडत नाही. बांधण्यापूर्वी इलेक्ट्रोड पाण्याने ओले करावे लागतात, नाहीतर घाम येईपर्यंत आकडे उड्या मारतात. हे तंत्र घड्याळातील हिरव्या दिव्यांपेक्षा जुने आहे. फिनलंडमधील पोलर ही कंपनी १९७७ मध्ये सुरू झाली आणि १९८२ मध्ये तिने बिनतारी हृदयगतीमापक बाजारात आणला. आजचे बहुतेक पट्टे ब्लूटूथने घड्याळाला किंवा मोबाइलला जोडता येतात. वेगवान टप्प्यांचा सराव करणाऱ्याने महागडे घड्याळ घेण्यापेक्षा साधे घड्याळ आणि पट्टा घेतलेला बरा.

‘२२० वजा वय’ हे सूत्र आले कुठून?

घड्याळात जन्मतारीख भरली, की ते सहसा २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगती ठरवते. हे सूत्र अमेरिकेतील सॅम्युएल फॉक्स, विल्यम हॅस्केल आणि सहकाऱ्यांच्या १९७१ मधील लेखनातून रूढ झाले. त्यासाठी कुठलाही खास प्रयोग झाला नव्हता. आधी प्रसिद्ध झालेल्या काही अभ्यासांतील आकडे एकत्र मांडून त्यांतून ढोबळ रेषा काढली होती. सूत्र तोंडी हिशेबाला सोपे, म्हणून जिमच्या भिंतीवरच्या तक्त्यांपासून घड्याळांपर्यंत सगळीकडे पोहोचले.

२००१ मध्ये हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतील १८,७१२ व्यक्तींची माहिती तपासून दुसरे सूत्र दिले : २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीत दोन्ही सूत्रांचे उत्तर एकच, १८०, येते. साठीत मात्र जुने सूत्र १६० सांगते आणि नवे १६६. म्हणजे ज्येष्ठांना जुने सूत्र गरजेपेक्षा खालचा आकडा देते.

तरीही खरी अडचण कोणते सूत्र निवडावे ही नाही. दोन्ही सूत्रे सरासरी सांगतात आणि त्या सरासरीभोवती माणसे सुमारे १० ते १२ ठोक्यांनी इकडेतिकडे पसरलेली असतात. काही जण २० ठोक्यांनीही दूर असतात. पंचेचाळिशीतील दोन निरोगी मित्रांपैकी एकाची कमाल हृदयगती १६० आणि दुसऱ्याची १९० असू शकते. घड्याळाच्या लेखी दोघांची १७५ असते. शिवाय कमाल हृदयगती हे तंदुरुस्तीचे मोजमाप नाही. सरावाने ती वाढत नाही, म्हणून १९० वाल्याने फुशारकी मारण्यासारखे त्यात काही नाही.

एकच ‘झोन २’, पण आकडे किती?

समाजमाध्यमांवर सध्या ‘झोन २’चा इतका गजर आहे, की तो एखादा ठरलेला आकडा असावा असे वाटते. प्रत्यक्षात पाच झोनच्या प्रचलित पद्धतीत तो ६० ते ७० टक्के असतो. कशाचे टक्के, हा प्रश्न मात्र कमीच विचारला जातो.

वरच्या पंचेचाळीस वर्षांच्या धावपटूचेच उदाहरण घेऊ. सूत्राप्रमाणे कमाल १७५. त्याचे थेट ६० ते ७० टक्के काढले, तर झोन २ येतो १०५ ते १२२. दुसरी पद्धत फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन यांच्या १९५७ च्या संशोधनाशी जोडली जाते. तिच्यात कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा करतात, उरलेल्याचे टक्के काढतात आणि विश्रांतीची गती पुन्हा मिळवतात. याच धावपटूचे विश्रांतीचे ठोके ६० असतील, तर झोन २ होतो १२९ ते १४०. आता समजा प्रत्यक्षात त्याची कमाल हृदयगती १९० आहे. मग याच दुसऱ्या पद्धतीने झोन २ जातो १३८ ते १५१ वर.

माणूस एक, झोनचे नाव एक, पण आकडा १०५ पासून १५१ पर्यंत कुठेही. काही घड्याळे पहिली पद्धत वापरतात, काही दुसरी, तर काहींत सेटिंगमध्ये निवड करता येते. मित्राचे घड्याळ आणि आपले घड्याळ यांची तुलना करताना हे आधी पाहावे. १०५ ते १२२ मध्ये राहण्याच्या नादात अनेक नवशिक्यांना धावताच येत नाही, सारखे चालावे लागते आणि ‘आपले हृदयच कमजोर’ अशी समजूत होते. दुसऱ्या टोकाला धोका अधिक. ज्याची खरी कमाल १६० आहे, त्याला घड्याळ १४० ते १५७ हा ‘झोन ४’ म्हणून दाखवते. त्याच्या दृष्टीने १५७ म्हणजे जवळजवळ शेवटची ताकद. आठवड्यातून दोनदा तो असा पळत राहिला, तर थकवा साचतो, दुखापती होतात, आणि घड्याळ सांगते, सगळे ठीक चालले आहे.

मग स्वतःचा आकडा कसा शोधायचा?

सर्वात स्वस्त साधन तोंड आहे. सावकाश धावताना पूर्ण वाक्ये सलग बोलता आली, तर वेग झोन २ च्या आसपास. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर त्याच्या वर. सोबत्याशी गप्पा मारत धावावे आणि त्या वेळी पट्ट्यावर दिसणारे ठोके आठ-दहा दिवस टिपून ठेवावेत. सूत्रापेक्षा ही नोंद जास्त उपयोगी ठरते.

नियमित सराव असलेल्यांसाठी तीस मिनिटांची चाचणी आहे. सपाट रस्त्यावर एकट्याने तीस मिनिटे टिकवता येईल इतक्या जोरात धावायचे आणि शेवटच्या वीस मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी काढायची. हा आकडा ‘थ्रेशोल्ड’च्या जवळ जातो आणि अनेक घड्याळांत त्यावरून झोन ठरवता येतात. चढावर पुन्हा पुन्हा जोर लावून कमाल हृदयगती काढण्याचे प्रयोग मात्र चाळिशीपुढील, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या आणि घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत. रुग्णालयातील ट्रेडमिल चाचणी याहून सुरक्षित.

विश्रांतीचे ठोके सकाळी उठल्यावर, चहापूर्वी, अंथरुणातच पाहावेत. ते नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असतील, तर झोप अपुरी झाली, ताप येतोय किंवा कालचा व्यायाम अंगात आहे, असे समजून त्या दिवशी बेत सोपा ठेवावा.

उकाडा आणि घाट आला की काय होते?

इथे घड्याळ खऱ्या अर्थाने कामाला येते. दमट हवेत तासभर धावल्यावर वेग तोच असूनही ठोके दहा-पंधराने वाढतात. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामाने रक्तातील पाणी घटते, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते आणि भरपाई म्हणून हृदय जास्त वेळा धडधडते. मुंबईत जानेवारीतही दमटपणा असतो. पूर्ण मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ ऊन वर आल्यावर समोर येतो. तिथे किलोमीटरमागची मिनिटे धरून ठेवणारे ढेपाळतात. ठोके पाहून वेग कमी करणाऱ्याकडे शेवटच्या टप्प्यासाठी काही शिल्लक राहते.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना तर वेगाला अर्थच उरत नाही. तिथे ठोक्यांची मर्यादा ठरवून, ती ओलांडली की सरळ चालणे, ही जाणत्या धावपटूंची रीत आहे.

कॅलरी आणि बाकीचे आकडे?

यांच्याकडे कमी पाहिलेले बरे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात ६० जणांवर सात उपकरणे तपासली गेली. सहा उपकरणांची हृदयगतीतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वात चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वात वाईट ९३ टक्क्यांनी. ‘आज ६०० कॅलरी जाळल्या’ म्हणून मिसळीची दुसरी प्लेट मागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ‘व्हीओटू मॅक्स’ हाही ठोके आणि वेग यांच्या नात्यावरून बांधलेला अंदाज आहे. ठोकेच चुकले, तर तोही चुकतो.

घड्याळ हृदयविकार ओळखते का?

काही घड्याळे अनियमित ठोक्यांची, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनची शंका व्यक्त करतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ जण सहभागी होते. त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना असा इशारा मिळाला. नंतर ईसीजी पॅच लावून तो परत पाठवलेल्या ४५० जणांत ३४ टक्क्यांमध्ये हा दोष आढळला. इशारा मिळाल्यास डॉक्टरांकडे जावे, पण मिळाला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. रक्तवाहिनीत गुठळी अडकून येणारा हृदयविकाराचा झटका ही घड्याळे ओळखत नाहीत.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच खाली राहतात. त्यांनी सूत्रातला आकडा गाठण्याचा प्रयत्नच करू नये. त्यांचे झोन डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत. आणि धावताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे सरकणारी वेदना, थंड घाम, अंधारी यांपैकी काहीही जाणवले, तर पडद्यावरचा आकडा हिरव्या पट्ट्यात असला तरी तिथेच थांबावे, सोबत्याला सांगावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.