लाकडाची 'सव्वाअकरा'

चुंबकीय पाणसुरुंगाला फुटायला लोखंडी बोटीची नुसती चाहूल पुरते. म्हणूनच ब्रिटिश नौदलाच्या 'एचएमएस ब्रॉनिंग्टन' या सुरुंग काढणाऱ्या बोटीचं अंग महोगनी लाकडाचं आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा! लांबी ५० मीटरही नाही. १९५३ साली बेव्हर्लीत ती पाण्यात उतरली. बाजूवर ठळक आकडा १११५, त्यामुळे खलाशी तिला लाडाने 'म्हातारी सव्वाअकरा' म्हणत. मला हे नाव फार आवडतं. १९७६ मध्ये तिचे कप्तान होते राजपुत्र चार्ल्स, म्हणजे आजचे राजे. १९८८ला ती निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१६ च्या मार्चमध्ये बर्कनहेडच्या गोदीत, धक्क्याला बांधलेली असतानाच बुडाली. वाचून जीव हळहळला. तिच्याच 'टन' वर्गातल्या चार बोटी भारतानेही घेतल्या होत्या. त्यांतली एक आपली 'आयएनएस कारवार'.