घोंगडी

आपल्या तळ्याचा पाऊस कसा असतो हे तुम्हांला सांगायला नको. आज आपण छत्री किंवा रेनकोट घेऊन शाळेत येतो. पण रेनकोट नव्हते, तेव्हा शेतकरी भर पावसात भात कसे लावत असतील? कोणी डोक्यावर इरले घेई, तर कोणी घोंगडीची खोळ करून पांघरत असे.

घोंगडी म्हणजे मेंढीच्या लोकरीची जाड चादर. लोकरीला तुम्ही उर्दूत ‘ऊन’ म्हणता. अरबीत तिला ‘सूफ’ म्हणतात. लोकरीची साधी वस्त्रे वापरणारे ते ‘सूफी’, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे या खरखरीत कापडाला पूर्वीपासून मान आहे.

घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची असते. सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर अशा घाटावरच्या जिल्ह्यांत धनगर लोक या मेंढ्या पाळतात. भातकापणी झाली, की काही धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतात बसवून घेतात, कारण लेंड्यांचे उत्तम खत मिळते.

मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. तरी एका मेंढीपासून वर्षाला एक किलोसुद्धा लोकर मिळत नाही. ही लोकर निवडून पिंजतात. मग धनगर स्त्रिया चरख्यावर तिचे सूत काततात. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून ते उन्हात वाळवतात. त्यामुळे धागा मजबूत होतो. त्यानंतर विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो आणि घोंगडी विणतो. या कामात सनगर समाज पूर्वीपासून कुशल आहे. काळा आणि पांढरा रंग मेंढीचाच असतो. तो वेगळा द्यावा लागत नाही.

लोकरीचा एक गुण ध्यानात ठेवा. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून घोंगडी पावसातही ऊब देते. मात्र ती पुरती भिजली, की लवकर वाळत नाही. म्हणूनच रखडलेल्या कामाला मराठीत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात!

आता बाजारात स्वस्त आणि मऊ ब्लँकेटे मिळतात. ती बहुधा पॉलिएस्टरची किंवा अॅक्रिलिकची असतात. हे धागे खनिज तेलापासून तयार होतात. धुताना त्यांचे बारीक तंतू सुटतात. सांडपाण्याबरोबर ते ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातात. ते लवकर कुजत नाहीत. घोंगडी मात्र अनेक वर्षे टिकते आणि जीर्ण झाल्यावर मातीत मिसळून जाते.

असे असूनही घोंगडीचे गिऱ्हाईक कमी झाले. लोकर कातरण्याची मजुरी जास्त आणि लोकरीला भाव कमी, म्हणून कित्येक ठिकाणी धनगर ती फेकून देतात. लोकरच फेकली, तर कातणाऱ्या स्त्रीला काम कोठून मिळणार? मागावरच्या विणकराची मुले हा धंदा का शिकतील? एक कारागीर माग सोडतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या हातातली विद्याही जाते.

आपण सर्वांनी घोंगडी पांघरून शाळेत यावे, असे मी म्हणत नाही. रेनकोट हलका असतो आणि चटकन वाळतो, हे खरेच आहे. पण घरातल्या पेटीत एखादी जुनी घोंगडी असेल, तर ती बाहेर काढा. तिला ऊन दाखवा आणि कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. ती कोणी व केव्हा घेतली, हे आजी-आजोबांना विचारा. पुढे कधी नवे पांघरूण घ्याल, तेव्हा केवळ किंमत पाहू नका. ते कशाचे आहे, किती वर्षे टिकेल आणि त्याचे पैसे कोणाच्या हाती पडतील, याचाही विचार करा.